अर्धी बॉबिन: शिवणकाम करणाऱ्या एका कमरेचं प्रकरण

सोलापुरात शाळेच्या गणवेशांचं काम घरोघर चालतं. कापलेले तुकडे गठ्ठ्यानं घरी येतात, बायका ते जोडून देतात आणि पैसे पीसवर मिळतात. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून एप्रिल ते जून हा सीझन. याच दिवसांत कंबर धरलेल्या बायका उपचाराला येऊ लागतात. पुढचं प्रकरण एकाच बाईचं नाही. घरी शिलाई करणाऱ्यांमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथं एका ताईंच्या दिवसात बसवल्या आहेत. त्यामुळे कुणाची ओळख उघड होत नाही आणि तपशीलही सुटत नाहीत.

ताईंचं वय ४३, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. चौदा वर्षं मशीनवर. घरात नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. कंबर अधूनमधून धरायची, पण बाम लावून काम चालायचं. मे महिन्यात एका सकाळी पाणी भरून झालं, फरशी पुसायला वाकल्या आणि कमरेत चमक भरली. घरातल्यांना वाटलं, उसण आहे, दोन दिवसांत जाईल. तिसऱ्या दिवशी कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या बाजूनं पोटरीत उतरली आणि पायाच्या वरच्या भागावरून अंगठ्यापर्यंत मुंग्या येऊ लागल्या. शिंकलं-खोकलं की पायात वीज गेल्यासारखं व्हायचं. बसलं की वाढायचं, चाललं की थोडं हलकं वाटायचं.

पुढच्या पाच आठवड्यांत जे झालं ते नेहमीचंच. दहा दिवस अंथरुणावर पडून राहणं, वेदनेची इंजेक्शनं, दिवसरात्र कमरेचा पट्टा, एकदा चोळून घेणं (त्यानंतर दोन दिवस उभंही राहवेना) आणि शेवटी एमआरआय. अहवालात लिहिलं होतं, की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती मागे डावीकडे आली आहे आणि पाचव्या नसेच्या मुळावर दाब आहे. उपचाराला आल्यावर ताईंचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, माझ्या मणक्यात गॅप पडलीय. आता मशीन कायमची बंद करू का?"

गॅप या शब्दानं आपल्याकडे फार नुकसान केलं आहे. तो ऐकला की माणसाला वाटतं, मणके एकमेकांपासून सुटले आणि आता वाकलं की काहीतरी निसटेल. प्रत्यक्षात एक्स-रेत ज्याला गॅप म्हणतात तिथं दोन मणक्यांमधलं अंतर वाढलेलं नसतं, कमी झालेलं असतं, कारण मधली चकती बसलेली असते. मणका सरकला, चकती निसटली हेही तसंच. चकती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. तिचं बाहेरचं कडं कांद्याच्या पापुद्र्यांसारखं थरांचं आणि चिवट असतं, आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो. कड्याचे मागचे थर हळूहळू चिरतात, गर तिकडे ढकलला जातो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला सूज येते. वेदनेत दाबाइतकाच या सुजेचाही वाटा असतो. म्हणूनच बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय शांत होतो.

अहवालातल्या शब्दांना किती घाबरायचं, याचं एक माप आहे. कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या धडधाकट माणसांपैकी ६८ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ५० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या. त्यामुळे अहवाल एकटा वाचायचा नसतो, तो अंगावरच्या खुणांशी जुळतो का ते बघायचं असतं. इथं तो जुळत होता. उताणं झोपवून डावा पाय सरळ उचलला की ४० अंशांवर पोटरीत कळ यायची, उजवा ७० अंशांपर्यंत सहज जायचा. डाव्या पायाचा अंगठा हाताच्या दाबाविरुद्ध वर उचलताना थोडा कमी पडत होता. पायाच्या वरच्या भागावर स्पर्श बोथट होता. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल आपोआप हलतं, तो घोट्याचा झटका दोन्हीकडे सारखा होता. या सगळ्या खुणा पाचव्या नसेकडेच बोट दाखवत होत्या.

उपचार ठरवण्याआधी आणखी काही प्रश्न विचारावेच लागतात आणि ते लाजेखातर वगळायचे नसतात. लघवी अडते का, किंवा नकळत होते का? बसताना जमिनीला टेकणारा मांड्यांमधला भाग बधिर झालाय का? दोन्ही पायांत एकदम ताकद कमी झालीय का? यातलं एक जरी 'हो' असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तिथं व्यायामाचा प्रश्नच येत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, पडून राहिल्यावरही रात्री न थांबणारी कंबरदुखी असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावीच लागते. ताईंना यातलं काहीही नव्हतं. अंगठ्याची ताकद मात्र दर आठवड्याला तपासायची ठरली. ती घसरत गेली असती, तर शल्यविशारदाचं मत लगेच घ्यायचं होतं.

बारा दिवसांची वही

सगळ्यांनी दोष मशीनला दिला होता. "ताठ बसत जा" हा सल्ला ताईंना तिघांनी दिला होता आणि त्यांनी तो मनापासून पाळूनही पाहिला. वीस मिनिटांत पाठीचे स्नायू भरून यायचे आणि पुन्हा पोक. हा सल्ला टिकत नाही याचं कारण साधं आहे: माणूस कसा बसतो ते त्याची इच्छा ठरवत नाही. डोळ्यांना काय दिसायला हवं, हाताला काय धरायचं आहे आणि पाय कुठे ठेवायचा आहे, या तीन गोष्टी ते ठरवतात. सुई दिसत नसेल तर मान वाकणारच.

म्हणून आधी वही केली. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काम, किती वेळ, अंग वाकलेलं होतं की सरळ, आणि पायातली कळ शून्य ते दहापैकी किती. बारा दिवसांच्या नोंदीतून दोन गोष्टी निघाल्या.

पहिली बेरजेची. सकाळी आठ ते एक मशीन, दोन ते चार जमिनीवर बसून दोरे कापणं आणि घड्या घालणं, चार ते आठ पुन्हा मशीन. त्याआधी पहाटे पाणी, केर, फरशी आणि मोरीतली भांडी मिळून सव्वा तास. सव्वापाचला उठून साडेदहाला पाठ टेकेपर्यंतच्या सव्वासतरा तासांपैकी सव्वाबारा तास कंबर पुढे वाकलेली होती. तिला मागे झुकवणारं एकही काम दिवसभरात नव्हतं.

दुसरी गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. वहीत पाणी तीनदा आलं होतं आणि तिन्ही वेळा कळ त्या दिवशी दुपारपर्यंत चारवरून सातावर गेली होती. मशीनचे तास मात्र रोज सारखेच होते. म्हणजे आग मशीननं लावली असली, तरी तिच्यात रॉकेल पहाटेचं पाणी ओतत होतं.

पहाटच का, यालाही कारण आहे. रात्री आडवं झाल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. दिवसभरात ही उंची उतरते आणि त्यातली निम्म्याहून अधिक घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. त्या तासात चकती टम्म असते. तेव्हा वाकलं तर मागच्या कड्यावर येणारा ताण तेवढ्याच वाकण्यासाठी दुपारपेक्षा कितीतरी जास्त असतो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी उठल्यावर पहिले दोन तास वाकणं टाळायला शिकवलं, आणि तेवढ्यानं त्यांची वेदना घटली. ताईंचा पाण्याचा दिवस मात्र नेमका याच तासात पंधरा लिटरच्या बावीस बादल्या उचलण्यानं सुरू व्हायचा.

आधी पाणी, मग मशीन

पहिला खर्च मशीनवर केला नाही, पाण्यावर केला. नळापासून पिंपापर्यंत लांब नळी लावली, त्यामुळे भरलेली बादली घेऊन जाणं बंद झालं. पिंपाच्या तळाशी तोटी बसवली आणि पिंप विटांच्या पक्क्या चौथऱ्यावर ठेवलं, कारण वाकून आतून पाणी काढणं हे उचलण्याइतकंच वाईट. चौथऱ्याची उंची अशी, की तोटीखाली बादली सरळ उभी राहील. इथं घाई करू नये: २०० लिटरचं भरलेलं पिंप २०० किलोच्या वर जातं. सुट्या विटा नुसत्या रचल्या तर ते कलंडून पायावर येतं. विटा सिमेंटमध्ये बसवायच्या. बादली निम्मीच भरायची आणि शक्यतो दोन हातांत दोन, म्हणजे कंबर एका बाजूला खेचली जात नाही.

केरसुणी आणि फरशीचं फडकं दोन्हींना लांब दांडा आला. भांडी मोरीतून ओट्यावर गेली. खाली बसायचा संडास पहिले सहा आठवडे अडचणीचा होता, कारण पहाटे पूर्ण उकिडवं बसणं म्हणजे कंबर शेवटच्या टोकापर्यंत वाकवणं. त्यावर ठेवायची प्लॅस्टिकची खुर्ची बाजारात मिळते, ती घेतली. दात घासताना एक हात बेसिनच्या कडेवर आणि एक पाय पुढे. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्यावर बसतं व्हायचं. उताण्यावरून एकदम उठून बसायचं नाही.

जमिनीवर चटईवरच झोपायचं का, हा प्रश्न हमखास येतो. स्पेनमधल्या एका मोठ्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची कंबर जास्त सुधारली. मध्ये खड्डा न पडलेली, नुकतीच पिंजून घेतलेली कापसाची गादी पुरते. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी.

आता मशीन. ताईंकडे लोखंडी स्टँडचं पायमशीन होतं, त्याला मोटर जोडलेली. टेबल जमिनीपासून ७५ सेंटिमीटर, बसायला ४५ सेंटिमीटर उंचीचं पाठ नसलेलं प्लॅस्टिकचं स्टूल. मोटरचं पेडल टेबलाखाली बरंच आत, उजवीकडे. बाजूनं पाहिलं की गोष्ट लगेच समजायची. पेडल गाठायला ताई स्टुलाच्या पुढच्या कडेवर सरकायच्या, कटिभाग मागे लोळायचा आणि कमरेची नैसर्गिक आतली कमान पूर्ण उलटी व्हायची. उजवा पाय पेडलवर, डावा स्टुलाखाली दुमडलेला, म्हणजे सगळा भार एका कुल्ल्यावर. शिवाय स्टूल टेबलाच्या मध्यावर होतं आणि सुई मध्यापासून वीतभर डावीकडे, म्हणून दिवसभर धड डावीकडे झुकलेलं. खोलीतला एकमेव दिवा पाठीमागे भिंतीवर. गर्द निळ्या कापडावर गर्द निळा दोरा, आणि सुईवर ताईंच्याच डोक्याची सावली. साडेचार-पाच किलोचं डोकं त्या सावलीतून वाट काढत पुढे पुढे जायचं.

बदल केले ते पुढच्या क्रमानं, कारण एक चुकला की पुढचा निरर्थक ठरतो.

दिवा आधी. मशीनच्या मुंडक्यावर चुंबकानं चिकटणारा छोटा एलईडी लावला, प्रकाश डावीकडून पुढून सुईवर पडेल असा. डोळेही तपासून घेतले. ताईंना चाळिशी लागली होती आणि त्यांनी ती टाळली होती.

मग बैठक. स्टुलाच्या जागी पाठ असलेली, ४२ सेंटिमीटर उंचीची लाकडी खुर्ची. बैठकीच्या मागच्या अर्ध्या भागावर जुन्या सोलापुरी चादरीची पाच सेंटिमीटर जाडीची घडी बांधून टाकली. बैठक पुढे उतरती झाली, नितंब गुडघ्यांपेक्षा थोडे वर आले आणि कटिभाग मागे लोळायचा थांबला. इथं अनेकांची चूक होते: घडी पूर्ण बैठकीवर टाकतात. मग उंची वाढते, उतार येत नाही, आणि पाय लोंबकळतात. बैठक उंच झाली म्हणून पेडलखाली चार सेंटिमीटरची फळी ठेवली आणि डाव्या पायासाठीही तेवढीच, म्हणजे दोन्ही तळवे एका पातळीवर. पेडल बाहेर ओढून गुडघ्याच्या जरा पुढे आणलं आणि फळीला खिळ्यांनी अडवलं, नाहीतर ते रोज सरकत आत जातं.

खुर्ची मशीनच्या मध्यासमोर न ठेवता सुईसमोर आणली. नाक, बेंबी आणि सुई एका रेषेत.

शेवटी टेबल. मागच्या दोन पायांखाली चार सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे, मधे पाय बसेल एवढी खाच कोरलेले. ताईंच्या स्टँडच्या मापाला त्यातून सुमारे सहा अंशांचा उतार मिळाला आणि सुईपाशी काय चाललंय ते मान कमी वाकवता दिसू लागलं. शिलाई टेबलांच्या अभ्यासांत १० अंशांच्या आसपासचा उतार मानेला चांगला दिसला आहे, पण घरगुती स्टँडला तेवढा देऊ नये. मोटरच्या थरथरीनं ते पुढे चालू लागतं. टेबल कोपरापेक्षा सात सेंटिमीटर वर राहिलं. एरवीच्या लिहिण्या-टाइप करण्याच्या कामाला हे जास्त झालं असतं, पण शिलाईत डोळ्यांची गरज मोठी असते आणि एवढं वर चालतं. खांदे वर उचललेले नाहीत ना, हे मात्र बघायचं.

दिवा, खुर्ची, फळ्या आणि ठोकळे मिळून एका सुट्टीच्या दिवसाचं काम.

पीसवर पैसे मिळणाऱ्या बाईची विश्रांती

इथपर्यंत सोपं होतं. अवघड होतं ते वेळेचं. खुर्ची कितीही चांगली असो, पाच तास एकाच आकारात बसलेली चकती आणि तिच्या मागचे अस्थिबंध हळूहळू ताणून सैल होतातच. दर अर्ध्या तासानं उठा, हे सांगायला सोपं आहे. ज्या बाईचे पैसे पीसवर आहेत तिला घड्याळाची घंटा म्हणजे काम तोडणारा शत्रू वाटतो, आणि ती घंटा तिसऱ्या दिवशी बंद होते.

उपाय बॉबिनमध्ये, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, सापडला. भरलेली बॉबिन ताईंच्या हाताला साधारण सव्वा तास पुरायची. अर्धी भरली तर पस्तीस-चाळीस मिनिटं. दोरा संपला की काम असंही थांबतंच, तिथं कुणी तोडत नाही. म्हणून सकाळीच चौदा बॉबिनी अर्ध्याच भरून ठेवायच्या आणि त्यांचा डबा मशीनजवळ न ठेवता समोरच्या फळीवर, डोक्याच्या उंचीवर ठेवायचा. दोरा संपला की उठायचं, डब्यापर्यंत जायचं, कमरेवर दोन्ही हात ठेवून पाच वेळा मागे झुकायचं, बॉबिन घेऊन परत. एका खेपेला मिनिटभर, दिवसाचे पंधरा मिनिटांच्या आत. ताईंनी पीस मोजले. पहिल्या आठवड्यात थोडे घटले, नंतर पूर्वीइतके झाले, कारण दुपारनंतर कळ आल्यावर होणारी उसवाउसवी कमी झाली होती.

दोरे कापणं आणि घड्या घालणं जमिनीवरून ओट्यावर आलं, उभ्यानं. उभं राहून पाय दुखले तर भिंतीला पाठ टेकून पाटावर बसायचं आणि कापड चौरंगावर घ्यायचं, मांडीत नाही. जमिनीवर बसणं वाईट नाही. मांडीतल्या कापडाकडे बघत दोन तास दुमडून बसणं वाईट.

व्यायाम आणि एक फसलेला आठवडा

पहिल्या दोन आठवड्यांत एकच मुख्य व्यायाम. पालथं पडायचं, दोन मिनिटं. मग कोपरांवर छाती उचलून दोन मिनिटं. मग तळहात खांद्यांखाली घेऊन हात सरळ करत छाती वर, कंबर सैल सोडून खाली लोंबू द्यायची, दहा वेळा. दिवसातून पाच खेपा. दिसायला हे भुजंगासनासारखं आहे, पण भुजंगासनात पाठीचे स्नायू काम करतात. इथं सगळं काम हातांचं आणि पाठ ढिली. पहिल्या तीन दिवसांत ताई कंबर आवळून वर उचलत होत्या, त्यामुळे कंबरच भरून यायची. कुणीतरी कमरेवर हात ठेवून "इथलं सोडा" म्हणावं लागतं.

या व्यायामाची खूण जपून वाचायची. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात चढत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी बरोबर चाललं आहे. उलट कळ खाली उतरत गेली तर थांबायचं आणि विचारायचं. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी ही चढती-उतरती खूण उपचाराच्या केंद्रस्थानी आणली. ताईंची कळ आठव्या दिवशी गुडघ्याच्या वर आली. सोबत दहा-दहा मिनिटांचं चालणं, दिवसातून चारदा. पट्टा फक्त बाहेर गाडीवरून जाताना, तोही तीन आठवड्यांत सुटला. पायाची बोटं धरणं, पश्चिमोत्तानासन, हलासन, उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम या काळात बंद. घरातल्यांनी प्रेमानं सुचवलेले सूर्यनमस्कारही. त्यांतलं पुढे वाकणं नेमकं नको असलेलं.

तिसऱ्या आठवड्यात कळ पुन्हा पोटरीत आली, आणि चूक शिकवण्यातली होती. ताईंना वाकायचं कसं ते शिकवलं होतं: काठी पाठीवर धरायची, ती डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली राहील असं कुल्ल्यातून झुकायचं, गुडघे जरा मोकळे. हे त्यांना छान जमलं होतं. पण गठ्ठा येतो स्कूटरवर, पाय ठेवायच्या जागेत कोंबलेला, चौदा-पंधरा किलोचा. तिथं गुडघे आत घालता येत नाहीत. ताईंनी हात लांब करून, धड वळवून तो उपसला. काठीच्या व्यायामात वळणंही नव्हतं आणि लांबून ओढणंही नव्हतं.

लांबून उचलल्यानं काय होतं त्याचे आकडे आहेत. जर्मनीत उल्म इथं १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका निरोगी स्वयंसेवकाच्या याच चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवून दिवसभर मोजमाप केलं. माणूस एकच होता, त्यामुळे आकडे सगळ्यांना तंतोतंत लागू नाहीत, पण प्रमाण बोलकं आहे. आडवं पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल, नुसतं उभं राहिल्यावर ०.५, बसून पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३. वीस किलोचं ओझं छातीशी धरलं तर १.१ आणि तेच छातीपासून ६० सेंटिमीटर लांब धरलं तर १.८. पाठ गोल करून तेवढंच ओझं उचललं तर २.३. म्हणजे ओझं हलकं करण्याइतकंच ते जवळ आणणं महत्त्वाचं.

गठ्ठा त्यानंतर दोन पिशव्यांत येऊ लागला. देणाऱ्याला एकदा सांगितलं आणि त्यानं ऐकलं. हे विचारायला बायका उगाच बिचकतात. स्कूटरवरून घेताना आधी पिशवी सीटवर ओढून घ्यायची, पोटाला लावायची, मग पाय वळवून पूर्ण अंगानं वळायचं.

चौथ्या आठवड्यापासून ताकद. हातगुडघ्यांवर येऊन समोरचा एक हात आणि विरुद्ध पाय जमिनीला समांतर, आठ ते दहा सेकंद, कंबर हलू न देता. कुशीवर गुडघे दुमडून कोपरावर धड उचलणं, तेवढाच वेळ. दोन्ही आधी सहा, मग चार, मग दोन अशा उतरत्या वेळा, म्हणजे थकल्यावर घडण बिघडत नाही. खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं. आठव्या आठवड्यापासून दोन्ही हातांत पाच-पाच लिटर पाणी घेऊन अंगणात चालणं; कमरेला पुन्हा ओझ्याची सवय लावल्याशिवाय उपचार पुरा होत नाही. जिनं पुन्हा बादली उचलायचीच आहे तिला 'यापुढे काही उचलू नका' म्हणून घरी पाठवणं ही अर्धवट सेवा आहे.

सहाव्या आठवड्याला कळ फक्त कुल्ल्यात उरली होती आणि पाय ६५ अंशांपर्यंत उचलला जात होता. बाराव्या आठवड्याला अंगठ्याची ताकद दोन्हीकडे सारखी झाली. अंगठ्याजवळचा रुपयाएवढा बधिर भाग तेवढा राहिला. ताकद परतली की स्पर्श बराच मागून येतो, कधी थोडा उरतोही. ते ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्याची भीती राहिली नाही.

त्याच घरातले आणखी दोन मणके

वही बघताना घरातल्या बाकीच्यांकडेही लक्ष गेलं. सासूबाईंना पोक आलं होतं, आणि तरुणपणीच्या फोटोतल्या दाराच्या चौकटीशी ताडून बघितलं तर उंची चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली होती. म्हातारपणी असं होतंच म्हणून ते सोडून द्यायचं नसतं. हाडं विरळ झाल्यावर मणके पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखे होतात, कधीकधी काही न आपटता. त्यांना हाडांच्या घनतेच्या तपासणीला पाठवलं. सुनेचे व्यायाम बघून त्याही पायाची बोटं धरू लागल्या होत्या, ते ताबडतोब थांबवलं. विरळ हाडाच्या मणक्याला पुढे वाकवणं म्हणजे आणखी दाबणं. त्यांच्यासाठी भिंतीला पाठ टेकून खांदे मागे ओढणं, ओटा धरून टाचा उचलणं आणि रोजचं ऊन.

मुलगी त्याच जुन्या स्टुलावर बसून पलंगावर वही ठेवून अभ्यास करायची. तिला आईसारखीच बैठक मिळाली, पायाखाली पाट आणि वहीखाली उताराची फळी. दप्तर तोलून पाहिलं: वजन ३८ किलो, दप्तर साडेसहा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार ते वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत हवं, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास. दोन जाड गाइडं आणि दोन लिटरची भरलेली बाटली बाहेर निघाली.

पुढच्या सीझनचं काम जानेवारीतच ठरवलं. मशीनचे तास एप्रिलमध्ये एकदम पाचावरून नवावर न नेता फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला एक तासानं वाढवायचे. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, सीझनमध्येही. पाण्याच्या दिवशी सकाळचं मशीन नऊनंतर. कळ पुन्हा कुल्ल्याच्या खाली उतरली तर त्याच दिवशी पालथं पडण्याच्या पाच खेपा सुरू करायच्या, अंथरूण धरायचं नाही, आणि अंगठा कमी पडला तर दाखवायला यायचं. हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर ताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, आणि वही बॉबिनच्या डब्याशेजारी फळीवर असते.